ढोलकरी म्बानाचा पोरगा

काबान्ते गावात माणूस मेला की बायकांनी गळा काढायच्या आधी म्बानाला हाक जायची. खाडीकडेच्या आंब्याखाली त्याचा बोंबोलोम आडवा पडलेला असे. अख्ख्या झाडाचा ओंडका, वरून चीर पाडून आतून कोरलेला, आत एखादा माणूस आरामात निजेल एवढा तो ढोल. म्बाना त्याच्यासमोर बसायचा, दोन दांडकी उचलायचा आणि मेलेल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आज्याचं नाव, त्यानं घातलेले बांध, तरुणपणी कुणाकुणाच्या गोठ्यातून पळवलेल्या गाई, सगळं वाजवून सांगायचा. आम्हा बालांता लोकांचा ढोल नुसता वाजत नाही, बोलतो. खाडीपलीकडच्या गावांना ते बोलणं कळायचं आणि माणसं होडीत बसून निघायची. पण म्बाना म्हणायचा, "जिवंतांना कळतं ते वरचं. मी वाजवतो मेलेल्यांसाठी. आपला माणूस यायला निघालाय, सामोरे या, असं वाडवडिलांना सांगायला नको? नाहीतर तिकडं ह्याला विचारतो कोण?"

तसा हा म्बाना दिसायला काडीपैलवान आणि तोंडाचा फाटका. ताडी चढली की कुणाचीही टोपी उडवायचा, आणि बायको किंता अंगणात आली की गपकन गप्प बसायचा. शेतीत त्याचं लक्ष बेताचंच. ढोलाच्या बाबतीत मात्र तो कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. एकदा एका बड्या घरच्या मुलानं बापाच्या मयताला सांगून पाहिलं, की काका, बाबांच्या गाई जरा वाढवून वाजवा. म्बानानं दांडकी खाली ठेवली. "तुझ्या बापानं तीन गाई पळवल्या. चौथी दोर तोडून परत गेली. तिचा मालक आधीच तिकडं जाऊन बसलाय. तो विचारेल तेव्हा काय सांगायचं तुझ्या बापानं?" मयताला जमलेले सगळे हसले. पण गाई तीनच वाजल्या.

ढोल सगळ्यांसाठी वाजत नाही. पिकली म्हातारी गेली तर वाजतो, बाप्या माणूस गेला तर वाजतो. पोर गेलं तर वाजत नाही. आणि आमच्यात पोर म्हणजे वयानं लहान असं नव्हे. फनादोच्या रानात जाऊन, वडीलधाऱ्यांच्या सुरीखाली उभं राहून, लाल टोपी घालून जो बाहेर आला तो बाप्या. बाकी सगळी पोरं, मग दाढी पांढरी का होईना. पोरानं खाजण उकरावं, बांध घालावा, गाय पळवावी, मार खावा. पण सावरीच्या झाडाखाली जिथं वडीलधारे बसतात, त्या सावलीत त्यानं पाय टाकायचा नाही. पोर मेलं तर बांधाच्या बाहेर गुपचूप पुरायचं. वाडवडील त्याला ओळखत नाहीत. मग तो जातो कुठं? विचारलं की म्हातारे नजर चुकवतात आणि म्हणतात, असेल तिकडं तिवरांत कुठंतरी.

फनादो काही दरवर्षी होत नाही. कणग्या भरलेल्या हव्यात, कापायला गुरं हवीत, गावोगावचे पाहुणे आठवडेच्या आठवडे पोसायची ऐपत हवी. म्बानाचा मुलगा सुंबा दोनदा हुकला. पहिल्यांदा म्हातारे म्हणाले, अजून कच्चा आहे. दुसऱ्यांदा तो गावातच नव्हता. पोर्तुगीज फिरंग्यांना देशातून हाकलायला उठलेल्या पक्षाबरोबर रानात गेला होता.

सुंबा बापावर गेला नव्हता, हे गावाचं नशीब. उंच, थोराड, बोलायला सावकाश. गाई पळवण्यात मात्र त्यानं बापाची हौस भागवली होती. पक्षानं त्याच्या हातात बंदूक दिली आणि दोन पावसाळ्यांत त्याच्या हाताखाली माणसं दिली. मग कुंबिजा नदीच्या ह्या काठावरची सगळी माणसं त्याच्याकडे आली. फिरंग्यांच्या बोटी भरतीला वर यायच्या, आमची भाताची खाचरं जाळायच्या, बांधाला खांड पाडून खारं पाणी आत सोडायच्या. सुंबानं त्या बोटींचं वर येणं बंद केलं. त्याच्या हुकमाशिवाय त्या काठावर होडी हलत नसे. दुसऱ्या देशांतून आलेले पाहुणे, तोफा शिकवणारे, डॉक्टर, त्याला कॉम्रेड कमांडर म्हणत आणि त्याच्यासमोर ताठ उभे राहत. गावात आला की तो किंताच्या चुलीशी बसून भात खायचा, आणि ती म्हणायची, "कमांडर, ते पातेलं घासून ठेव."

त्या साली भात बरं आलं. लढाई चालू होती, पण विमानं दुसरीकडं गुंतली होती. म्हाताऱ्यांनी ठरवलं, ह्या उन्हाळ्यात फनादो करायचा. पोरं म्हातारी व्हायला लागलीत. निरोप गावोगाव जाणार, तेवढ्यात सुंबा आला.

सावरीखाली म्हातारे बसलेले. मधोमध वात्ना. हा फनादोची सुरी धरणारा, गावातल्या निम्म्या बाप्यांना ह्याच्याच हातानं टोपी मिळालेली. सुंबा सावलीच्या कडेला आला आणि उन्हात थांबला. शंभर बंदुका ज्याच्या शब्दावर चालायच्या त्याला त्या सावलीत पाय ठेवता येत नव्हता, आणि म्हाताऱ्यांशी थेट बोलताही येत नव्हतं. मग तो बापाकडे बघून बोलायचा, आणि म्बाना तेच शब्द हातभर अंतरावरच्या म्हाताऱ्यांना परत सांगायचा. त्यांनी ते आधीच ऐकलेलं असायचं.

"बाबा, त्यांना सांगा, लढाई संपेपर्यंत फनादो नाही."

"म्हणतोय, लढाई संपेपर्यंत फनादो नाही."

वात्नाची लाल टोपी हलली. "म्बाना, तुझ्या पोराला विचार, हा हुकूम पक्षाचा, का त्याला सुरीची भीती वाटते?"

म्हातारे खदाखदा हसले. सुंबाही हसला. घाम त्याच्या कानामागून मानेवर उतरत होता. "वात्नाकाकांना सांगा, सुरी गंजू देऊ नका. फिरंगी गेला की रांगेत पहिला मी." मग तो हसायचा थांबला. "मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात मयताला माणसं जमली होती. विमानानं ते बघितलं. काय झालं ते तुम्हीच जाऊन आवरलंत. फनादोला तर दहा गावं जमणार, धूर होणार. माझी सगळी माणसं एका रानात, हातात बंदूक नाही, अंगावर ओली जखम. मी हे होऊ देणार नाही."

म्बानानं हे सांगितलं नाही. सगळ्यांनी ऐकलंच होतं.

वात्नानं बाकीच्या म्हाताऱ्यांकडं एकेक करून बघितलं. मग म्हणाला, "पोर सांगतंय आणि बाप्ये ऐकतायत. असा दिवस बघायला जगलो म्हणायचं." पण कुणी नाही म्हटलं नाही. म्बानानंच पहिला हात वर केला.

नंतर बांधावरून चालताना त्यानं मुलाला गाठलं. "आणि मधेच तुला काही झालं तर? तुझ्यासाठी मला वाजवता येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"बाबा, सगळ्यांना रानात बसवलं आणि विमान आलं, तर तुम्ही कुणाकुणासाठी नाही वाजवणार?"

म्बाना वाकून बांधाची ढासळलेली माती थापायला लागला. तो एरवी कुणालाही उत्तर द्यायचा.

पुढच्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, नदीवरच्या फिरंगी ठाण्यावर हल्ला झाला. ठाणं आम्ही जिंकलं, पण तोफगोळ्याचा एक तुकडा सुंबाच्या पोटात शिरला. सकाळी सकाळी माणूस निरोप घेऊन आला: कमांडर रानातल्या इस्पितळात आहे, बापानं यावं. किंता निघायला लागली, तर त्या माणसानं अडवलं. वाटेत फिरंग्यांची गस्त होती, बायकांना न्यायचं नाही असं त्याला सांगितलेलं. म्बाना निघाला. मागं पावलं वाजली म्हणून वळून बघतो तर वात्ना येतोय, आणि त्याच्याबरोबर अजून एक म्हातारा. वात्नाच्या कमरेला कातड्यात गुंडाळलेली सुरी होती.

"हे कशाला?" म्बाना म्हणाला.

"तीन बाप्ये आणि एक सुरी. एवढं असलं की भागतं. माझ्या बापाच्या वेळी एकाला बैलानं भोसकलं होतं, त्याला असाच केला होता बाप्या. रान नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. फक्त एक अट. सुरी लागेपर्यंत त्यानं आपल्या पायावर उभं राहायला हवं, आणि तोंडातून आवाज काढायचा नाही." वात्ना पुढं बघत चालत होता. "उभा राहील तो. तुझ्यावर थोडाच गेलाय."

किंता वेशीपर्यंत आली होती. तिनं ती सुरी बघितली आणि तिला सगळं कळलं. वात्नाच्या हाताला तिनं हात लावला, एवढंच.

इस्पितळ म्हणजे कांतान्येझच्या रानात मोठ्या झाडांखाली ताडाच्या झावळ्यांची चार खोपटं. सुंबा बांबूच्या खाटेवर निजला होता. पोट पट्ट्यांनी बांधलेलं, ओठ सुकलेले, डोळे मात्र जागे. शेजारी डॉक्टर उभा होता. अर्सेनियो नाव, क्युबाहून आलेला, कोवळा पोरगेला माणूस, हात कोपरापर्यंत धुतलेले आणि तरी नखांत रक्त. आमची भाषा त्याला येत नव्हती. परिचारिका दोमिंगा दोन्हीकडचं सांगायची. वात्नानं कमरेचं कातडं सोडलं आणि तो का आलाय ते सांगितलं. दोमिंगा हे डॉक्टरला सांगताना अडखळली.

डॉक्टर आधी गोंधळला, मग भडकला. मग त्यानं म्बानाकडे बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. दोमिंगा सांगत गेली. "तो म्हणतो, आतडं मी शिवलंय. इथं माझ्याकडे रक्त नाही, औषधं संपत आलीत. पण आत्ता निघून त्याला झोळीत घालून सीमेपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तर वाचू शकतो. नक्की नाही. निम्मं निम्मं. पण त्याला उठवून उभं केलंत तर टाके सुटतील. मग निम्मंही नाही."

वात्ना म्हणाला, "आणि वाटेत गेला तर? पोर म्हणून जाईल. हे माहीत आहे का ह्या पाहुण्याला?"

दोमिंगानं विचारलं. डॉक्टरनं मान हलवली. त्याला माहीत नव्हतं, आणि सांगून कळण्यासारखं नव्हतं. "मला तो जिवंत हवाय," तो म्हणाला. "एवढंच येतं मला."

म्बाना खाटेशी खाली बसला. "सुंबा, तू सांग."

सुंबा हसला. हसताना त्याला दुखलं. "पोराला कुठं विचारतात, बाबा? तुम्ही सांगा. तुमचा हुकूम."

म्बानाच्या आयुष्यात त्याला कुणी कधी हुकूम मागितला नव्हता. घरात किंताचा चालायचा, गावात म्हाताऱ्यांचा, नदीवर मुलाचा. आता सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. वात्नानं सुरी हातात धरली होती. बाहेर चार माणसं झोळी बांधत होती. म्बाना नंतर ह्यावर फारसा बोलला नाही, पण त्या वेळी त्याच्या मनात काय होतं ते मी सांगतो, कारण त्या जागी कुणाही बापाच्या मनात तेच असतं. त्याला वाडवडील आठवले नाहीत. ढोल आठवला नाही. हा आपला पोरगा आहे आणि ह्याचा हात अजून गरम आहे, एवढंच त्याला कळत होतं.

"घेऊन चला," तो म्हणाला.

वात्नानं सुरी कातड्यात गुंडाळली. तो एक शब्दही बोलला नाही, आणि हे माझ्यावर त्याचं ऋण आहे असं म्बाना मरेपर्यंत म्हणायचा.

दिवस कलता कलता झोळी निघाली. पायवाट ओली होती, झोळीवाले घसरायचे, आणि प्रत्येक घसरण्याला सुंबाच्या श्वासाची लय तुटायची. म्बाना झोळीच्या मागं चालत होता, वात्ना आणि दुसरा म्हातारा त्याच्या मागं. त्याचं तोंड बंद नव्हतं. तो गाईंच्या गोष्टी सांगत होता, कुणाची कुठली गाय, कुठल्या दावणीची, कुठं कुत्रं मागं लागलं. सुंबा मधेच एखादा शब्द दुरुस्त करायचा. "ती तांबडी नव्हती, बाबा. कबरी." मग दुरुस्त्या कमी झाल्या. सीमेच्या अलीकडं ओढ्यात पाणी गुडघाभर होतं. झोळी खांद्यांवर उचलताना सुंबा म्हणाला, "बाबा, मी उभा राहिलो असतो."

"माहीत आहे मला," म्बाना म्हणाला.

ओढा ओलांडून झोळी खाली ठेवली तेव्हा तो गेला होता.

पक्षाच्या लोकांनी तिथंच एका झाडाखाली त्याला पुरलं आणि हवेत बंदुका उडवल्या. बंदुकीला लाल टोपी कळत नाही. म्बाना आणि वात्ना परत फिरले; दुसरा म्हातारा थकून वाटेतल्या एका गावात थांबला. गावात पोचेपर्यंत दुसरी संध्याकाळ आली. आंब्याखाली ढोल पडला होता. म्बाना त्याच्याकडे न बघता पुढं गेला, वात्नाबरोबर काळोख पडेपर्यंत बांधावर बसून राहिला आणि मग घरी गेला.

आणि घरात चूल पेटलेली. ताडाच्या तेलाचा वास अंगणापर्यंत आलेला. किंतानं कोंबडी कापली होती. शेजारच्या बायका बसल्या होत्या आणि किंता हसत होती, खरोखर हसत होती.

ती वाट बघत बसली होती ती ढोलाची. वात्ना सुरी घेऊन गेलाय, म्हणजे मुलगा बाप्या होणार. मग गेलाच तर म्बाना येऊन ढोल वाजवणार. दोन दिवस तिनं कान खाडीकडे लावले होते. तिचा नवरा गावात शिरला, आंब्यावरून पुढं आला, आणि ढोल वाजला नाही. पोरं धावत सांगत आली, काका आले, काका आले. तिच्या हिशेबानं ह्याचा एकच अर्थ होता. तिचा सुंबा जिवंत होता.

"या," ती म्हणाली. "हात धुवा. तो कधी येतोय?"

म्बाना दारात उभा. वात्ना त्याच्या मागं. म्हातारा वात्ना तिच्याकडं न बघता उंबऱ्यापाशी खाली बसला. किंतानं त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तिच्या हातातला पळा तसाच राहिला.

"मग वाजवला का नाही तुम्ही?" ती म्हणाली. आणि मग तिला कळलं का नाही वाजवला ते.

ती ओरडली नाही. पोरासाठी आमच्यात मोठ्यानं रडतही नाहीत. तिनं भाताचं पातेलं उचललं, मागच्या दारानं गेली आणि सगळं डुकरांपुढं ओतलं. परत येऊन म्हणाली, "जिवंतही आणला नाहीस आणि माणूसही केला नाहीस त्याला. गेला होतास कशाला?" तोपर्यंत ती त्याला अहोजाहो करायची.

पुढच्या पावसात भाताची लावणी होऊन कापणी येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि निघून जायची. म्बानाही उत्तर देईनासा झाला. ताडी प्यायचा, पण टोप्या उडवायचा नाही. गावात कुणी गेलं की जाऊन वाजवायचा, पूर्वीसारखंच नीट, एक गाय कमी नाही की जास्त नाही. वाजवून झालं की दांडकी घेऊन एकटा बांधावर जाऊन बसायचा.

कापणीच्या सुमारास डॉक्टर अर्सेनियो दोमिंगाला घेऊन आला. म्बानाच्या अंगणात बसून तो रडायला लागला, परक्या गावात लहान मूल रडतं तसा. दोमिंगानं सांगितलं, "तो म्हणतो, मला आधी माहीत असतं तर. तो म्हणतो, माझी चूक."

"त्याला सांग, जेवून घे," म्बाना म्हणाला. "आणि सांग, चूक त्याची नाही. तिथं मला बाप्या नको होता. मला माझा पोरगा हवा होता. त्यानं मला पोरगा मिळण्याची निम्मी आशा दिली, ती मी घेतली. परत विचारलं तर परत घेईन."

किंता दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं. मग तिनं दोन ताटं आणली, एक पाहुण्यापुढं ठेवलं, एक नवऱ्यापुढं, आणि ह्या वेळी ती तिथंच बसली.

फिरंगी गेले. झेंडा लागला. राजधानीहून पक्षाचा पुढारी आला, सावरीखाली उभं राहून त्यानं भाषण केलं. कमांडर सुंबा हा थोर पुरुष होता, असं तो म्हणाला, आणि सगळं गाव जमिनीकडं बघायला लागलं. पुढाऱ्याला कुणीतरी कानात सांगितलं असावं. तो म्हणाला, जुन्या नियमांनी ह्या वीराचा मान अडवू नये; आज देशाच्या वतीनं मी सांगतो, त्याच्यासाठी ढोल वाजवा.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग वात्ना, नियमांचा एवढा कडक माणूस, उठून उभा राहिला. "मी म्हणतो वाजव, म्बाना. त्यानं आमच्यासाठी टोपी सोडली. माझी हरकत नाही. कुणाचीच नाही."

म्बाना जागचा हलला नाही. "ज्यांची पोरं त्याच्या हुकमानं थांबली आणि तशीच गेली, ते बाप इथं बसलेत. त्यांच्यासाठी कुठं वाजवलं मी?"

"आम्हीही म्हणतो, वाजव," त्यांतला एक म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"तुम्ही चांगली माणसं आहात," म्बाना म्हणाला. "पण मी तुमच्यासाठी वाजवत नाही. मी वाजवीन, तिकडं वाडवडील उठून सामोरे येतील, आणि बघतील तर समोर माझा पोरगा, डोक्यावर टोपी नाही. ते त्याला परत पाठवतील, सगळ्यांदेखत. इस्पितळात मी त्याला उभं राहू दिलं नाही. आता उभं करून त्याची लाज काढू?"

पुढाऱ्याला हे कळलं नाही. त्यानं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात फनादो झाला. सुंबाच्या बरोबरीचे, बंदुका खाली ठेवलेले, कानशिलांवर पांढरे केस आलेले, रांगेनं रानात गेले आणि लाल टोप्या घालून बाहेर आले. म्बानानं त्यांच्यासाठी अख्खा दिवस वाजवलं. मग कणगीच्या मागं जाऊन बसला, आणि किंता जाऊन त्याच्या शेजारी बसली.

त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. वात्ना गेला, त्याला वाजवून पोचवला. डोळे गेले तरी हात चुकायचा नाही. शेवटी हातही गेला, आणि धाकट्या भावाचा मुलगा इंदामी दांडकी उचलायला लागला. तो चांगला वाजवायचा. म्बाना पडल्या पडल्या ऐकून शिव्या द्यायचा, म्हणजे त्याला आवडलेलं असायचं.

अंथरुणाला खिळल्यावर त्यानं इंदामीला बोलावलं. "माझ्यासाठी वाजवायचं नाही. बांधाच्या बाहेर पुरायचं, गुपचूप."

इंदामीला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. "काका, तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी? अख्खं गाव तुमच्या हातून गेलंय तिकडं."

"गेलंय ना? मग आहे की तिकडं गर्दी. बाप आहे, आजा आहे, वात्ना आहे. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही." म्बानानं श्वास घेतला. "सुंबाकडं कोण आहे?"

इंदामी त्याच्या अंथरुणाशी खाली बसला.

"तू वाजवलंस की ते मला न्यायला येतील, आणि मला जावं लागेल. नाही वाजवलंस तर नाही येणार. मग मी जाईन माझ्या वाटेनं तिवरांत. शोधीन त्याला. आवाज ओळखतो मी त्याचा."

तो गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी हे मानायला नकार दिला. म्बानासारख्याला पोरासारखं पुरायचं? खाडीपलीकडची गावं तोंडावर थुंकतील. मरणाऱ्या माणसाचं बोलणं ते, ते कुणी मनावर घेतं का? मयताला कापायची गुरं आणून बांधली. इंदामीला हुकूम झाला. तो रडत रडत दांडकी घेऊन आंब्याखाली गेला.

ढोलावर किंता बसली होती. आमच्यात बाई त्या ढोलाला बोटसुद्धा लावत नाही. ती मात्र दोन्ही पाय एका बाजूला सोडून, वाळलेली, वाकलेली, नीट चिरेवर बसली होती. म्हातारे रागावले, विनवण्या करून दमले. तिला हात धरून उठवायची कुणाची छाती झाली नाही.

"वाजवू नका रे," ती म्हणाली. "वाट चुकेल त्याची."

बांधाबाहेर माती पडून लोक परत येईपर्यंत ती उठली नाही.